ओझे वाहणारी पाठ

आमच्या वस्तीत कुणाच्या पाठीत उसण भरली की पहिला शोध सुरू होतो तो पायाळू माणसाचा. जो पायाकडून जन्मला त्याने पाठीवर लाथ मारली की उसण जाते, अशी समजूत. आमचे वडील मालधक्क्यावर पोती वाहत. एकदा संध्याकाळी ते भिंत धरधरूनच घरात आले. आईने शेजारचा पायाळू पोरगा बोलावला. लाथ बसली, वडील कळवळले. आठवड्याभरात दुखणे कमी झाले आणि नाव झाले त्या पोराचे. खरी गोष्ट अशी की आखडलेला स्नायू बहुतेक वेळा आपला आपणच सुटतो. पण ते आम्हांला कळले फार उशिरा. म्हणून म्हणतो, ज्या पाठीच्या जोरावर आपली घरे चालतात ती आतून कशी आहे, हे एकदा नीट समजून घेऊ या.

मणक्यांची माळ

लहान मुलाच्या पाठीत ३३ मणके असतात. मानेत ७, छातीच्या मागे १२, कमरेत ५. त्याखालचे ५ मणके वय वाढेल तसे जुळून एकच हाड बनते. अगदी शेवटचे बहुधा ४ छोटे मणके जुळून माकडहाड होते. म्हणजे मोठ्या माणसात २६ हाडे उरतात. गंमत अशी, की एवढ्या लांब मानेच्या जिराफालाही मानेत ७ मणकेच असतात!

वरून खाली यावे तसे मणके मोठे होत जातात, कारण वरचा सगळा भार कमरेच्या मणक्यांवर येतो. कणा बाजूने पाहिला तर सरळ काठीसारखा नसतो, त्याला बाक असतात. मूल मान धरू लागले की मानेचा बाक तयार होतो, उभे राहून चालू लागले की कमरेचा. या बाकांमुळेच हिसके आणि धक्के सोसले जातात.

प्रत्येक मणक्याच्या मागच्या बाजूला कडे असते. ही कडी एकावर एक येऊन नळी बनते आणि तिच्यातून मेंदूपासून निघालेला मज्जारज्जू खाली उतरतो. त्याची लांबी सुमारे ४५ सेंटीमीटर. त्यातून नसांच्या ३१ जोड्या निघतात. हात उचलणे, पाऊल टाकणे, लघवीवर ताबा ठेवणे, सगळे या नसांवर चालते.

गादी म्हणजे काय?

मणक्यांच्या मध्ये २३ गाद्या असतात. बाहेरून कांद्याच्या पापुद्र्यांसारखे चिवट थर आणि आत मऊ गर. पुष्कळ लोक म्हणतात, ‘गादी सरकली.’ गादी सरकत नाही, तिचे बाहेरचे थर फाटून आतला गर बाहेर फुगतो. तो नसेवर दाबला की कळ कुल्ल्यातून थेट पावलापर्यंत जाते. यालाच सायटिका म्हणतात. बहुतेक वेळा कमरेच्या शेवटच्या दोन गाद्यांपैकी एखादी बिघडलेली असते. गादीचा आणि या दुखण्याचा संबंध अमेरिकेतील मिक्स्टर व बार या डॉक्टरांनी १९३४ साली स्पष्ट दाखवला.

मोठ्या माणसाच्या गादीला थेट रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. आजूबाजूने झिरपेल तेच तिचे अन्न. दिवसभराच्या भाराने गादीतले पाणी कमी होते, रात्री आडवे झाल्यावर ती पुन्हा फुगते. म्हणून सकाळी आपली उंची रात्रीपेक्षा सुमारे एक सेंटीमीटर जास्त भरते. पाठीला हालचालही हवी आणि विसावाही हवा, तो यासाठी.

वाकून, हात लांब करून हंडा उचलला की कमरेवर हंड्याच्या वजनाच्या कितीतरी पट ताण पडतो. तोच हंडा अंगाजवळ घेऊन, गुडघ्यात वाकून उचलला तर ताण पुष्कळ कमी होतो. उचलताना कमरेत पिळू नये, पाय वळवून वळावे. आम्ही कारकून माणसे ओझे वाहत नाही, तरी आमचीही सुटका नाही. खुर्चीत पुढे वाकून तासन् तास बसण्यानेही पाठ धरते. अर्ध्या-पाऊण तासाने उठून चार पावले टाकावीत.

ओझ्याचा प्रश्न केवळ सवयीचा नाही, हक्काचाही आहे. इजा होईल इतके जड ओझे कामगाराला उचलायला लावू नये, हे १९४८ च्या कारखाना कायद्यातच लिहिले गेले. डोक्या-पाठीवर ओझी वाहणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा झाला. वडिलांच्या उमेदीच्या काळात यांतले काहीच त्यांना कुणी सांगितले नाही.

तेव्हा उशीर करू नका

आमच्या शेजारच्या मावशी बिगारी काम करीत. पाठ दुखू लागली, तेल चोळले, पायाळूची लाथही खाल्ली. संध्याकाळी कणकण येई, वजन उतरत होते, रात्री पडल्यावरही दुखणे थांबत नव्हते. पण घाम गाळणाऱ्या बाईची पाठ दुखायचीच, असे सगळे म्हणाले. आम्हीही म्हणालो. पाय लुळे पडू लागले तेव्हा मोठ्या दवाखान्यात नेले. मणक्याचा क्षय निघाला. क्षयाने पोखरलेल्या मणक्यावर लाथ! ते आठवले की आजही अंगावर काटा येतो. वर्षाहून अधिक काळ औषधे घेऊन मावशी बऱ्या झाल्या, पण काठी सुटली नाही. आधी आणले असते तर कदाचित काठी लागली नसती, असे डॉक्टर म्हणाले.

साधी पाठदुखी बहुधा काही आठवड्यांत बरी होते. तिच्यासाठी अंथरूण धरून बसू नये, झेपेल तेवढे हिंडते-फिरते राहावे. मात्र ताप, घटते वजन किंवा रात्रीही न थांबणारे दुखणे असेल, पडल्या-आपटल्यानंतर जोराची कळ असेल, तर डॉक्टरांना दाखवा. क्षयाची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. पायातली ताकद जाऊ लागली, बसायच्या जागी बधिरपणा आला, लघवी तुंबली किंवा तिच्यावरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी मोठे इस्पितळ गाठा.

आणि घरातली बाई ‘पाठ दुखते’ म्हणाली तर तिला कामचुकार म्हणू नका. आधी तिच्या डोक्यावरचा हंडा खाली घ्या, मग विचारा, किती दिवसांपासून दुखते?