जागा घ्यायची? आधी उतारा वाचायला शिकू या

गटाची बैठक संपली की हल्ली एक विषय हमखास निघतो: साठलेल्या पैशातून एखादी जागा घ्यावी का? पैसा खर्चून जातो, जमीन राहते, असं आपण म्हणतो. पण जमीन कोणाच्या नावावर राहणार, हे कागद ठरवतो. म्हणून हाताशी थोडेच पैसे असतील तर आधी कागद वाचायला शिकायचं.

सुरुवात घरच्याच सातबाऱ्यापासून करा. महाभूलेखवर तो नुसता पाहता येतो. डिजिटल सहीच्या उताऱ्याचं सरकारी शुल्क १५ रुपये आहे. वरचा भाग म्हणजे गाव नमुना सात. त्यात मालक, क्षेत्र आणि भोगवटादार वर्ग असतो. खालच्या नमुना बारामध्ये पिकांची नोंद असते. वर्ग १ ची जमीन मालकाला सहसा विकता येते. वर्ग २ असेल तर सरकारी परवानगी लागते. ती नसेल तर व्यवहार अडकतो.

मग ‘इतर हक्क’ हा रकाना बघा. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, कुळाचा हक्क, कोर्टाचा मनाई हुकूम, सगळं तिथं सापडतं. त्यानंतर फेरफार काढा. विकणाऱ्याचं नाव कसं लागलं, ते त्यातून कळतं. वारसानं लागलं असेल तर विचारा, बहिणींचं काय? त्यांनी नोंदणी करून हक्कसोड दिली आहे का? दिली नसेल तर उद्या त्या हिस्सा मागतील, आणि तो मागणं त्यांच्या हक्काचंच असेल.

आता आठवडी बाजारात वाटल्या जाणाऱ्या गुंठ्याच्या कागदांबद्दल. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. ४० गुंठ्यांचा एकर. ‘हप्त्यानं गुंठा घ्या’ असं कुणी म्हटलं, की विचारा: जागा अकृषिक, म्हणजे एनए, आहे का? मंजूर नकाशा कुठं आहे? शेतजमिनीचे हवे तसे तुकडे विकायला १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यानं बंधनं आहेत, आणि जी शेतकरी नाही तिला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. दहा जणींची नावं एकाच सातबाऱ्यावर सामाईक लागली, तर प्रत्येकीचा हिस्सा असतो, पण हद्द कुणाचीच नसते. ५०० चौरस मीटरहून मोठ्या जागेवर प्लॉट पाडून विकायचे तर साधारणपणे महारेराची नोंदणी लागते. तो नंबर मागून घ्या आणि तपासा.

पैसे देताना स्टॅम्प पेपरवर लिहून नोटरी केली म्हणजे जागा आपली झाली, असं समजू नका. खरेदीखत दुय्यम निबंधकाकडं नोंदवावं लागतं. मग फेरफार धरला जातो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी १५ दिवस असतात, आणि मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. सातबाऱ्यावर नाव लागेपर्यंत पाठपुरावा करायचा. रक्कम बँकेतूनच द्या, म्हणजे पुरावा राहतो.

जागेवर जाऊनही या. रस्ता नकाशावर आहे की शेजाऱ्याच्या बांधावरून? हद्दीबद्दल शंका असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्या. मुद्रांक, नोंदणी, मोजणी हा खर्च किमतीवर वेगळा येतो, तो आधीच धरा. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर २०२१ पासून महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. ८ लाखांच्या घरामागं ८ हजार वाचतात. शेतजमिनीला मात्र ही सवलत नाही.

एक पथ्य पाळा. दवाखान्याचा, मुलांच्या फीचा आणि गटाच्या कर्जाचा पैसा जागेत घालू नका. अडचणीला सोनं संध्याकाळपर्यंत मोडता येतं. जमिनीला गिऱ्हाईक यायला महिने लागतात.

तर पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं आपल्या घरचा सातबारा आणावा. घर गावठाणात असेल तर मिळकत पत्रिका किंवा ग्रामपंचायतीचा नमुना आठ आणावा. नमुना आठ हा कर आकारणीचा कागद आहे, एवढं लक्षात ठेवा. गोल बसून मोठ्यानं वाचा. पहिला प्रश्न हाच असू दे: यात माझं नाव कुठं आहे? नसेल, तर नवी जागा शोधण्याआधी घरात हे बोलणं काढा.