डोळ्याजवळची गाठ आणि सुईची तपासणी



दुखले तर दवाखाना, न दुखले तर दुर्लक्ष, ही आपली जुनी रीत. डोळ्याच्या बाबतीत ती महागात पडते. घरातल्या साठीपुढच्या माणसाची एक पापणी जड होते, एक डोळा पुढे आल्यासारखा दिसतो, किंवा पापणी ओढून पाहिली तर डोळ्याच्या पांढऱ्या भागावर गुलाबीसर, मांसल चट्टा दिसतो. ठणका नसतो. ‘वयामुळे असेल’ म्हणून महिने निघून जातात.

अशा काही गाठी लिम्फॉइड जातीच्या असतात. रोगजंतूंशी लढणाऱ्या लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी डोळ्याभोवती साठून त्या बनतात. काही साध्या असतात, काही लिम्फोमा, म्हणजे कर्करोगाच्या. नुसत्या डोळ्यांनी हा फरक कळत नाही.

इथे सुईची तपासणी उपयोगी पडते. इंजेक्शनसारख्या बारीक सुईने गाठीतल्या थोड्या पेशी ओढून काचपट्टीवर पसरतात, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. १९३० साली न्यूयॉर्कमध्ये मार्टिन आणि एलिस यांनी शरीरातल्या गाठींसाठी ही पद्धत मांडली होती. सुई बुबुळात नव्हे, गाठीत घालतात. गाठ खोल असेल तर आधी स्कॅन करून जागा पाहतात. काही गाठींना सुई लावायची नसते, हेही स्कॅनवरून ठरते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा, कारण आत रक्त साकळण्याचा थोडा धोका असतो. सुईने रोग पसरतो या भीतीने तपासणी टाळू नका. तसे होणे अत्यंत दुर्मीळ आहे.

मात्र या तपासणीला मर्यादा आहे. बाजारात पोत्यात नळी खुपसून मूठभर दाणे काढले की माल कोणता ते कळते, पण आत थर कसे लागले आहेत ते कळत नाही. तसेच सुईने पेशी दिसतात, त्यांची मांडणी दिसत नाही. म्हणून त्याच पेशींवर ‘फ्लो सायटोमेट्री’सारखी खास तपासणी करतात. तरीही शंका उरली तर छोटा तुकडा काढून पाहावा लागतो. डॉक्टरांनी तो सांगितला तर ‘सुई वाया गेली’ असे समजू नका.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. निदानाआधी कोणाच्याही सांगण्यावरून स्टिरॉइडच्या गोळ्या घेऊ नका. त्यांनी लिम्फोमाची गाठही काही दिवस ओसरते, बरे वाटते, आणि नंतरच्या तपासणीत रोग लपून राहतो. डोळ्यात झाडपाल्याचा रसही घालू नका.

‘डोळा काढतील’ ही भीती अनेकांना घरी बसवते. डोळ्याभोवतीचा लिम्फोमा बहुधा सावकाश वाढणारा असतो, आणि डोळा न काढता किरणोपचाराने पुष्कळदा आटोक्यात येतो. त्यानंतर मोतीबिंदू किंवा डोळा कोरडा पडणे संभवते, पण त्यावर इलाज आहे. रोग शरीरात आणखी कुठे आहे का, हे पाहणे आणि पुढे काही वर्षे फेऱ्या घालणे मात्र आवश्यक.

तेव्हा असे काही दिसले तर जिल्हा रुग्णालयातल्या नेत्रतज्ज्ञांना दाखवा. जमल्यास जुना फोटो बरोबर न्या. डोळा केव्हापासून पुढे आला ते त्यावरून समजते. लहान मुलाचा डोळा झपाट्याने पुढे येत असेल, तर सुगीचे दिवस असले तरी त्याच दिवशी निघा. पीक थोडे थांबेल, डोळा थांबणार नाही.