एक देश, दोन विजा

ओसाकातल्या घरात बिनचूक चालणारे विजेचे जुने घड्याळ टोकियोत नेऊन लावले, तर ते तासाला दहा मिनिटे मागे पडते. घड्याळात बिघाड नसतो. त्याची मोटर विजेच्या वारंवारतेवर चालते आणि ती ओसाकात ६० हर्ट्झ आहे, टोकियोत ५०.

कारण एवढेच, की दोन शहरांनी खरेदी दोन दुकानांत केली. १८९०च्या दशकात टोकियोच्या वीज कंपनीने जर्मनीच्या एईजीकडून ५० हर्ट्झची जनित्रे आणली, तर ओसाकाच्या कंपनीने अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिककडून ६० हर्ट्झची. वारंवारता फार कमी असली तर दिवे लुकलुकतात, फार जास्त असली तर लांबच्या तारांत नुकसान वाढते. हे दोन्ही आकडे मधल्या सोयीच्या पट्ट्यात बसतात. थोडक्यात, भांडायलाही फारसे शास्त्रीय कारण नाही.

दोन्हीकडची जाळी पसरत गेली आणि शिझुओकातली फुजी नदी ते निइगातातले इतोइगावा अशी सीमा पक्की झाली. दाब मात्र सगळीकडे १०० व्होल्टच. पुण्याहून तिकडे गेलेल्या कोणी आपला २३० व्होल्टचा, हजार वॉटचा पाणी तापवायचा रॉड लावलाच, तर तो जेमतेम १९० वॉट उष्णता देईल, कारण उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते.

या सीमेची खरी किंमत कळली ती २०११मध्ये. ११ मार्चच्या भूकंप-त्सुनामीने फुकुशिमासह पूर्वेकडची अनेक वीजकेंद्रे बंद पडली आणि तीनच दिवसांत टोकियोच्या परिसरात पाळीपाळीने भारनियमन सुरू झाले. पश्चिमेकडे वीज शिल्लक होती, पण ती पाठवायची कशी? आधी तिचे एकदिश प्रवाहात रूपांतर करायचे, मग दुसऱ्या वारंवारतेत. हे करणाऱ्या केंद्रांची क्षमता तेव्हा सुमारे १,००० मेगावॉट होती, म्हणजे एका मोठ्या अणुभट्टीएवढी. तूट त्याच्या कित्येक पट!

मग सगळा देश एकाच वारंवारतेवर का आणत नाहीत? दोन ध्रुवांचे जनित्र ५० हर्ट्झसाठी मिनिटाला ३,००० फेरे घेते, ६०साठी ३,६००. म्हणजे अर्ध्या देशातली वीजकेंद्रे आणि कारखान्यांतल्या असंख्य मोटरी बदलाव्या लागतील. त्यापेक्षा रूपांतर केंद्रे वाढवणे परवडते. २०२१मध्ये ९०० मेगावॉटची नवी जोडणी सुरू झाली आणि एकूण क्षमता २,१०० मेगावॉटवर गेली. घरात मात्र आता फारसे अडत नाही. बहुतेक नव्या उपकरणांवर ५० आणि ६० हे दोन्ही आकडे छापलेले असतात.