मुळाचा माग काढणारं जनुक

दिवाळीच्या आगेमागे हरभऱ्याची पेरणी होते. पीक जरा वर येतं न येतं तोच शेतात मधूनच एखादं झाड मान टाकतं. ओल असते, खत असतं, तरी झाड वाळतं. खोड उभं चिरलं की आत काळपट तपकिरी रेघ दिसते. हा मर रोग. तो करणारी फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम ही बुरशी पीक नसतानाही मातीत वर्षानुवर्षं तग धरते. तिला चालता येत नाही, तंतू वाढवत नेणं एवढंच तिच्या हातात. मग मूळ कुठल्या बाजूला आहे हे तिला कळतं कसं?

याची किल्ली सापडली ती पावाच्या यीस्टमध्ये. यीस्टही बुरशीच. तिच्यात ‘ए’ आणि ‘अल्फा’ असे मीलनाचे दोन प्रकार असतात. अल्फा पेशी १३ अमिनो आम्लांची एक छोटी साखळी बाहेर सोडते. ए पेशीच्या पटलात ती ओळखणारे सुमारे दहा हजार रिसेप्टर असतात आणि ते घडवण्याची कृती एसटीई-२ या जनुकात लिहिलेली असते. हे प्रथिन पटलातून सात वेळा आरपार गेलेलं असतं. बाहेरच्या अंगाला अल्फाची साखळी बसली की आतल्या अंगाला टेकलेलं जी-प्रथिन सुटं होतं आणि निरोप एका एन्झाइमकडून दुसऱ्याकडे जात केंद्रकापर्यंत पोहोचतो. पेशीचं विभाजन थांबतं. ज्या बाजूला साखळ्या किंचित जास्त, त्या बाजूला नवी भित्तिका रचली जाते आणि गोल पेशी तिकडेच निमुळती होत जोडीदाराच्या दिशेने वाढू लागते. पेशीची लांबी जेमतेम पाच मायक्रॉन. एवढ्या अंतरात दोन टोकांना असलेला संदेशाचा फरक तिला जाणवतो, हे मला आजही विलक्षण वाटतं. आपल्या शरीरात अॅड्रेनलिन ओळखणारे रिसेप्टर याच घराण्यातले. त्यांच्या अभ्यासाला २०१२ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता फ्युजेरियमकडे वळू. या बुरशीचं मीलन आजवर कुणी पाहिलेलं नाही, तरी तिच्या जनुकसंचात एसटीई-२ शाबूत आहे. वापर नाही तर ते टिकलं कशाला? स्पेनमधल्या कोर्दोबा विद्यापीठाच्या संशोधकांनी टोमॅटोवर मर आणणारा हिचा प्रकार घेतला आणि २०१५ मध्ये ‘नेचर’मध्ये उत्तर मांडलं. प्रयोग साधा होता. अगारच्या थरात बीजाणू पेरायचे, त्यांच्या एका बाजूला मुळाचा स्राव, दुसऱ्या बाजूला नुसतं पाणी, आणि काही तासांनी सूक्ष्मदर्शकाखाली कोंबांची तोंडं कुठे वळली ते मोजायचं. स्रावाकडे वळलेले कोंब स्पष्टपणे जास्त भरले. एसटीई-२ काढून टाकलेल्या बुरशीची ही ओढ मात्र नाहीशी झाली. तिला साखरेची दिशा तेवढी कळत होती, कारण त्या निरोपाची वाट वेगळी आहे.

स्रावातला ओढणारा घटक निघाला पेरॉक्सिडेज, म्हणजे मुळांतून पाझरणारं एन्झाइम. पेशीभित्तिका बळकट करण्याच्या, रोगाला अडवण्याच्या कामात वनस्पती जे वापरते, त्याच्याच मागावर शत्रू येतो. एकाच रिसेप्टरने जोडीदाराचा संदेशही ओळखावा आणि मुळाचं एन्झाइमही, हे आधी कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

भातावर करपा आणणाऱ्या बुरशीची तऱ्हा आणखी निराळी. तिचा बीजाणू पानावर रुजला की खालचा पृष्ठभाग मेणचट आणि टणक आहे का, हे पीटीएच-११ नावाचा रिसेप्टर चाचपतो. खात्री पटली की कोंबाच्या टोकाला एक घुमटासारखी पेशी फुगते. तिच्यातला दाब मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या तीसेक पट असतो आणि त्या जोरावर ती पान भेदते. पीटीएच-११ निकामी केलं तर बहुतेक बीजाणू रुजतात खरे, पण घुमट बनत नाही आणि पान वाचतं.

या करप्याच्या बुरशीत पीटीएच-११ च्या जातकुळीतली ६१ जनुकं सापडली आहेत. मानवी पेशींत या कुळाचं कुणीच नाही. बुरशीनाशक शोधणाऱ्याला ही मोठीच सोय, कारण रिसेप्टर पेशीच्या बाहेरच्या अंगाला असल्यामुळे औषधाला आत शिरावंही लागणार नाही. यातले बरेचसे नेमकं काय ओळखतात, याचा शोध अजून चालू आहे.