न ओतता वाढलेले तेल

मोटारीच्या इंजिनातील वंगण तेल तपासण्याची कृती अगदी साधी आहे. बॉनेट उघडायचे, डिपस्टिक बाहेर काढून फडक्याने पुसायची, पुन्हा आत घालून काढायची आणि तेल कोणत्या खुणेपर्यंत लागले आहे ते पाहायचे. दोन खुणांच्या मध्ये तेल असले की काळजी नसते. खालच्या खुणेच्याही खाली गेले, तर ते कुठेतरी गळते आहे किंवा जळते आहे असे समजायचे. पण तेल वरच्या खुणेच्याही वर गेले तर? कोणी ओतले नसताना तेल वाढेल कसे?

२०१७-१८ च्या हिवाळ्यात चीनच्या थंड भागातील अनेक मोटारमालकांना हाच प्रश्न पडला. त्यांची मोटार होती होंडा कंपनीची सी.आर.-व्ही., म्हणजे उंच बैठकीची, लहान आकाराची एस.यू.व्ही. तिच्या १.५ लिटरच्या नव्या टर्बो इंजिनात तेलाची पातळी चढत होती आणि डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत होता. अमेरिका आणि कॅनडाच्या थंड प्रदेशांतील मालकांनीही अशाच तक्रारी केल्या. त्यांची आणखी एक तक्रार होती: गाडीतला हीटर लवकर गरम होत नाही. वरवर पाहता या दोन तक्रारींचा एकमेकींशी काही संबंध दिसत नाही. तो आहे, आणि तो समजला की सगळे कोडे उलगडते.

पेट्रोल तेलात जाते कसे?

जुन्या मोटारींत कार्ब्युरेटर असे. त्यात पेट्रोल हवेत मिसळून मग सिलिंडरमध्ये जाई. नंतरच्या इंजिनांत पेट्रोलचा फवारा सिलिंडरच्या दाराशी, म्हणजे झडपेवर सोडला जाऊ लागला. तापलेल्या झडपेवर त्याची वाफ होई. अलीकडच्या अनेक इंजिनांत पेट्रोल मोठ्या दाबाखाली थेट सिलिंडरच्या आत फवारले जाते. यामुळे पेट्रोलची मात्रा काटेकोरपणे ठरवता येते व इंधन वाचते. सी.आर.-व्ही.चे टर्बो इंजिन याच प्रकारचे आहे.

मात्र या पद्धतीत पेट्रोलला वाफ व्हायला फार थोडा वेळ मिळतो. इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत असेल तर एका फेऱ्याला ०.०३ सेकंद लागतो. फवारा सुटल्यापासून ठिणगी पडेपर्यंत एवढाही वेळ नसतो. इंजिन तापलेले असेल तर तो पुरतो. थंड इंजिनात मात्र फवाऱ्यातले काही थेंब सिलिंडरच्या भिंतीवर आदळतात आणि वाफ न होता तिथेच पातळ थर होऊन राहतात. शिवाय थंड इंजिन सुरू करताना पेट्रोल नेहमीपेक्षा जास्त द्यावे लागते. पिस्टनच्या कड्या खाली येताना भिंतीवरचे वंगण खरवडून खाली नेतात. त्याबरोबर हे पेट्रोलही तळाच्या तेलाच्या टाकीत जाते. गॅरेजमध्ये या टाकीला चेंबर म्हणतात.

ज्यांनी जुनी फियाट किंवा अँबॅसडर चालवली आहे, त्यांना हे नवे वाटणार नाही. चोक बराच वेळ ओढून ठेवला तर तेल पातळ होते, हे जाणते चालक सांगत असत. त्यामागचे कारण हेच होते.

यासाठी किती पेट्रोल गळावे लागते, याचा हिशेब करून पाहू. या इंजिनाच्या चेंबरमध्ये सुमारे सव्वातीन लिटर तेल मावते. त्यात ५ टक्के पेट्रोल मिसळले, म्हणजे सुमारे १६० मिलिलिटर. समजा, एक तेल बदलल्यापासून पुढचे बदलेपर्यंत गाडी ६००० किलोमीटर चालली आणि लिटरला १२ किलोमीटर गेली. म्हणजे ५०० लिटर पेट्रोल लागले. त्यातले १६० मिलिलिटर म्हणजे १०,००० भागांतले जेमतेम ३ भाग. पेट्रोलच्या खर्चाकडे पाहून ही गळती कुणाच्याही लक्षात येणे शक्य नाही. डिपस्टिकवर मात्र ती दिसते.

दोन नळांची टाकी

आता उलटा प्रश्न विचारू. थंड इंजिन सुरू केले की थोडे पेट्रोल तेलात जातेच. मग प्रत्येक मोटारीत तेल का वाढत नाही?

गणिताच्या पुस्तकात एका नळाने भरणारी आणि दुसऱ्याने रिकामी होणारी टाकी असते. चेंबरचेही तसेच आहे. भरणारा नळ आपण पाहिला. रिकामा करणारा नळ म्हणजे बाष्पीभवन. पेट्रोल हा एकच पदार्थ नसून अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. त्याचे उकळणे सुमारे ३५ अंश सेल्सिअसला सुरू होते व २०० अंशांच्या आसपास संपते. इंजिन चांगले तापले की तेलाचे तापमान ९० ते १०० अंशांपर्यंत जाते. मग पेट्रोलचे हलके घटक भराभर आणि जड घटक सावकाश तेलातून बाहेर पडतात. त्यांची वाफ एका नळीतून पुन्हा सिलिंडरकडे नेली जाते व तिथे जळते. येणारे आणि जाणारे पेट्रोल सारखे झाले की पातळी स्थिर राहते.

उणे २० अंश तापमानात रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी कामाच्या ठिकाणापर्यंत पाच किलोमीटर जाते, दिवसभर थंडीत उभी राहते आणि संध्याकाळी तेवढीच परत येते. अशा प्रवासात तेल पुरते तापतच नाही. तापमापकाचा काटा इंजिन गरम झाल्याचे दाखवत असला, तरी तो थंडाव्याच्या पाण्याचे तापमान दाखवतो. तेल त्याच्या मागून तापते. भरणारा नळ मोठा आणि रिकामा करणारा जवळजवळ बंद, असे महिनाभर चालले की पातळी चढणारच.

गुणातून आलेला दोष

थंडी आणि छोटे प्रवास पूर्वीही होते. मग नेमका याच इंजिनाला त्रास का व्हावा? इथे हीटरची तक्रार उपयोगी पडते. मोटारीच्या हीटरला वेगळी शेगडी नसते. इंजिनाची वाया जाणारी उष्णता पाण्यामार्फत आत आणून तो चालतो. हीटर लवकर गरम होत नाही, याचा अर्थ इंजिन फारशी उष्णता वाया घालवत नाही.

अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आधीच्या सी.आर.-व्ही.मध्ये २.४ लिटरचे इंजिन होते. १.५ लिटरच्या टर्बो इंजिनाने तेवढीच, किंबहुना किंचित अधिक शक्ती दिली आणि पेट्रोल कमी घेतले. कमी पेट्रोल जळले म्हणजे उष्णताही कमी निर्माण झाली. शिवाय इंधन वाचावे म्हणून गिअरची रचना इंजिनाला शक्य तितक्या कमी फेऱ्यांवर ठेवते. ज्या काटकसरीसाठी ग्राहकांनी गाडी घेतली, त्या काटकसरीनेच कडक थंडीत इंजिन तापायला उशीर लावला. हीटरचा गारवा आणि तेलातले पेट्रोल ही एकाच कारणाची दोन लक्षणे होती.

या इंजिनात काही तुटलेले नव्हते. प्रत्येक भाग वेगळा तपासला असता तर तो निर्दोष ठरला असता. दोष होता तो इंजिनाची रचना, हवामान आणि वापरण्याची सवय या तिन्हींच्या संयोगात. यांपैकी एक जरी बदलले तरी दोष दिसेनासा होई.

पातळ तेलाने काय बिघडते?

इंजिनातील फिरते भाग धातूवर धातू घासत नाहीत. त्यांच्यामध्ये तेलाचा अत्यंत पातळ थर असतो आणि भार तो थर पेलतो. थर टिकून राहणे तेलाच्या विष्यंदितेवर अवलंबून असते. पेट्रोल मिसळले की विष्यंदिता घटते, थर कमकुवत होतो आणि कॅमशाफ्टसारखे भाग झिजू शकतात. ही झीज लगेच दिसत नाही. म्हणून पातळी वाढलेली पाहून ‘तेल भरपूर आहे’ असे समाधान मानणे चुकीचे ठरते.

थोड्याशा भेसळीने विष्यंदिता किती बदलते, हे वर्गात दाखवता येईल. पेट्रोल मात्र वर्गात मुळीच आणू नये. उंच मोजपात्रात ग्लिसरीन घ्यावे. सायकलच्या दुकानात मिळणारा सर्वांत लहान छर्रा अलगद सोडून त्याला तळाशी जायला किती वेळ लागतो ते मोजावे. मग ९५ ग्रॅम ग्लिसरीनला ५ ग्रॅम या प्रमाणात पाणी मिसळून, नीट ढवळून, बुडबुडे जाऊ द्यावेत आणि पुन्हा मोजावे. ग्लिसरीन शुद्ध असेल तर वेळ जवळजवळ निम्म्याहूनही कमी होतो. वेळ फार थोडा येत असेल तर पात्र बर्फाच्या पाण्यात ठेवून दोन्ही वाचने त्याच तापमानाला घ्यावीत. पेट्रोल व तेल यांच्या मिश्रणात आकडे वेगळे असतील, पण बदलाची दिशा हीच असते.

तक्रारींचे वाचन

एका मालकाने ‘तेल वाढले’ म्हटले तर दुरुस्ती करणारा म्हणू शकतो, की मागच्या वेळी जास्त ओतले असेल. एकट्या तक्रारीवर हे उत्तर खोडता येत नाही. शेकडो तक्रारी एकत्र आल्या आणि त्या थंड प्रदेशांत, हिवाळ्यात, छोट्या प्रवासांभोवती गोळा झालेल्या दिसल्या, की मग ते निरीक्षण होते.

तक्रारी वाचतानाही एक सावधगिरी हवी. समजा, एका प्रदेशात ४० तक्रारी आल्या आणि दुसऱ्यात २०. पहिल्या प्रदेशात दोष जास्त आहे का? पहिल्यात १०,००० गाड्या असतील आणि दुसऱ्यात १००० असतील, तर हजारी प्रमाण ४ आणि २० येते. निष्कर्ष उलटा झाला! छेद माहीत नसताना केवळ अंशावरून बोलू नये, हा अपूर्णांकांचा धडा इथेही लागू पडतो. शिवाय सर्वच मालक डिपस्टिक पाहत नाहीत आणि पाहणारे सर्वच तक्रार करत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे लागते.

चीनमध्ये फेब्रुवारी २०१८ मध्ये कंपनीने सुमारे १,३०,००० गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याची योजना मांडली. सुचवलेला उपाय पुरेसा नाही, असे म्हणून तिथल्या गुणवत्ता-नियंत्रण खात्याने ती नाकारली. मार्चमध्ये नव्या सी.आर.-व्ही.ची विक्री थांबवावी लागली. अमेरिकेत कंपनीने त्याच वर्षाच्या अखेरीस इंजिनाच्या हमीची मुदत वाढवली. उपायाचे स्वरूप पाहण्यासारखे आहे. इंजिनाच्या नियंत्रक संगणकातील सूचना बदलण्यात आल्या, त्या इंजिन लवकर तापावे अशा बेताने. निदान बरोबर असल्याची ही एक खूणच म्हणता येईल.

भारतात ऑक्टोबर २०१८ मध्ये आलेल्या सी.आर.-व्ही.त हे टर्बो इंजिन नव्हते. तरी या प्रकरणातला धडा आपल्या उपयोगाचा आहे. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीने सदोष वाहने परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र शासनाला मिळाला. त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. किती तक्रारींवर कारवाई करायची, हे त्या नियमांत वाहनाच्या वार्षिक विक्रीशी जोडलेले आहे. म्हणजे छेदाचा विचार कायद्यानेही केला आहे.

अंश मात्र मालकांनीच पुरवायचा असतो. तो उपयोगी पडावा यासाठी तारीख, तापमान, प्रवासाचे अंतर आणि डिपस्टिकवरची पातळी वहीत लिहून ठेवावी. प्रयोगवहीत आपण विद्यार्थ्यांकडून हेच करून घेतो. ‘गाडी खराब आहे’ या वाक्याला दुकानदार उत्तर देऊ शकतो. तारखांसह लिहिलेल्या दहा वाचनांना उत्तर देणे त्याला इतके सोपे जात नाही.