बाळू पालवणकर

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यातील गोऱ्या साहेबांच्या क्रिकेटच्या मैदानावर एक तरुण महिना चार रुपये पगारावर काम करीत असे. खेळपट्टीवर रूळ फिरवावा, जाळी बांधावी आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकावा, हे त्याचे काम. फलंदाजी करण्याची संधी मात्र त्याला तेथे मिळत नसे. हा तरुण म्हणजे बाळू पालवणकर.

चेंडू टाकता टाकता बाळूंच्या डावखुऱ्या फिरकीस विलक्षण धार चढली. पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना खेळावयास बोलाविले. परंतु ते चर्मकार समाजातील होते. मैदानावर त्यांच्या हातचा चेंडू हाती घेणारे सवंगडी चहाच्या वेळी त्यांना बाहेर, मातीच्या निराळ्या भांड्यात चहा देववीत. बाळूंनी आपले उत्तर चेंडूनेच दिले. १९११ साली भारतीय संघाबरोबर इंग्लंडला जाऊन त्यांनी शंभरांहून अधिक बळी मिळविले. तरीही हिंदू संघाचे नायकपद त्यांना लाभले नाही. अखेर १९२३ साली तो मान त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाला आणि त्यांच्या नेतृत्वाखाली संघ विजयी झाला. वडील बंधूंना नाकारलेले दार धाकट्यासाठी उघडले, ते बाळूंच्या पराक्रमामुळेच. १९५५ साली बाळू निवर्तले.