हुबळीपलीकडचे माळरान

थंडीचे दिवस जवळ आले की गोव्यातल्या आणि कोकणातल्या मराठी घरांतून राजस्थानच्या सहलीचे बेत रंगू लागतात. मार्गदर्शकाच्या सोबतीने रेल्वेने जावे, जैसलमेरला उतरावे, वाळूच्या टेकड्यांवरून सूर्यास्त पाहावा आणि नशिबात असल्यास मरुभूमी राष्ट्रीय उद्यानात माळढोकाचे ओझरते दर्शन घ्यावे, हा या सहलींचा ठरलेला क्रम. १९८२ च्या प्रजासत्ताकदिनी ‘पॅलेस ऑन व्हील्स’ ही गाडी धावू लागली आणि किल्ले, वाळवंट व अभयारण्ये एकाच तिकिटात गुंफण्याची कल्पना आपल्या देशात रुजली. बाराही महिने माडांच्या आणि डोंगरांच्या हिरव्या भिंतींत राहणाऱ्या किनाऱ्यावरच्या माणसाला कोरड्या, क्षितिजापर्यंत मोकळ्या भूमीची ओढ वाटावी, हे स्वाभाविकच आहे. त्या ओढीबद्दल आमची तक्रार नाही. परंतु अशी भूमी पाहावयास शेकडो कोस दूर जाणाऱ्या आमच्या वाचकांपैकी किती जणांच्या हे ध्यानात येते की, वास्कोहून हावड्याकडे जाणारी अमरावती एक्स्प्रेस त्यांना त्याच दिवशी उघड्या माळरानात नेऊन सोडते?

हा लोहमार्ग स्वतःच एक इतिहास आहे. १८७८ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज सरकारांत झालेल्या करारातून तो जन्मास आला. ब्रिटिश हद्दीतला भाग बांधणाऱ्या सदर्न मराठा रेल्वे कंपनीची स्थापना १८८२ मध्ये झाली आणि तिचे मुख्य ठाणे धारवाडला होते. १८८८ च्या सुमारास मुरगावचे बंदर घाटमाथ्याशी जोडले गेले. गोवामुक्तीच्या लढ्यात, १९५५ च्या नाकेबंदीनंतर, कॅसल रॉकच्या सीमेवर ही वाहतूक थांबली आणि १९६१ नंतरच पुन्हा सुरू झाली. कुळे ते कॅसल रॉक हा सुमारे २६ किलोमीटरचा घाट गाडी दर ३७ फुटांस १ फूट अशा चढणीने चढते. घाटमाथ्यावर वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस कोसळतो. लोंढ्याच्या पुढे अरण्य विरळ होत जाते, धारवाडला मळे आणि काळी जमीन दिसू लागते, आणि हुबळी ओलांडून गदगला पोहोचावे तो पावसाचा आकडा सहाशेच्या आसपास आलेला असतो. एका दिवसाच्या प्रवासात, एकाच डब्याच्या खिडकीतून सदाहरित अरण्यापासून काटेरी झुडपांच्या माळापर्यंतचा हा उतार पाहावयास मिळतो. निसर्गाचा असा सलग धडा देणारे लोहमार्ग देशात फार नसतील.

हुबळीच्या पूर्वेस जे दिसते त्याला वाळवंट म्हणता येणार नाही. तो अर्धशुष्क माळ आहे. घाटाने पाऊस अडवला, त्याच्या सावलीत हा प्रदेश पडला आणि कुसळी गवत, बाभूळ, बोर व खडक यांचे एक निराळे जग तेथे उभे राहिले. गदगपासून जवळच लक्ष्मेश्वरच्या वाटेवर मागडी नावाचे तळे आहे. मध्य आशियातून हिमालय ओलांडून येणारे पट्टकदंब हंस दरवर्षी हिवाळ्यात तेथे उतरतात, दिवसा तळ्यावर विसावतात आणि आसपासच्या शेतांत चरावयास जातात. २०२४ मध्ये या तळ्याचा समावेश आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या रामसर पाणथळींच्या यादीत झाला. गदगच्याच दक्षिणेस कप्पतगुड्डाची डोंगररांग आहे. पुढे कोप्पळ जिल्ह्यात बंकापूर येथे लांडग्यांसाठी राखलेले अभयारण्य आहे. होस्पेटच्या पलीकडे दरोजी येथे प्रचंड शिळांच्या राशींतून अस्वलांचा वावर आहे आणि १९९४ पासून ते क्षेत्र अभयारण्य म्हणून राखलेले आहे. हुबळीहून दक्षिणेकडे बंगलोरच्या मार्गाने सुमारे शंभर किलोमीटर गेले की राणेबेन्नूर लागते. तेथे १९७४ मध्ये काळविटांसाठी ११९ चौरस किलोमीटरचे अभयारण्य झाले. ही सारी स्थळे लोहमार्गावर, किंवा स्थानकापासून थोड्या वाटचालीवर आहेत.

मग ती कुणाच्या सहलीत का नाहीत? आमच्या मते याचे कारण असे की, झाड म्हणजे निसर्ग आणि झाड नसलेली जमीन म्हणजे ओसाडी, ही समजूत आपल्या मनात आणि त्याहून अधिक सरकारी दप्तरात घट्ट बसलेली आहे. देशातील गवताळ माळांचा मोठा भाग शासनाच्या पडीक जमिनींच्या नकाशांत नोंदला गेला आहे. पडीक म्हटले की तिचा उद्धार करणे आलेच. राणेबेन्नूरच्या माळावर निलगिरीची लागवड झाली. काळविटाने तिच्याशी कसेबसे जुळवून घेतले. माळढोकाला ते जमले नाही. हा पक्षी दहा-पंधरा किलो वजनाचा, जमिनीवर चालणारा, उघड्या रानात दुरून शत्रू हेरणारा. मादी बहुधा वर्षाला एकच अंडे जमिनीवर घालते. रांगेने लावलेल्या झाडांत त्याची नजर अडली आणि त्याचे घर संपले. एके काळी राणेबेन्नूरला नित्य दिसणारा हा पक्षी आता तेथे नाही. कर्नाटकात त्याचा आधार उरला तो बळ्ळारी जिल्ह्यातील शिरगुप्प्याच्या शेतांत, तोही हाताच्या बोटांवर मोजण्याइतका.

महाराष्ट्राची कथा याहून सुखाची नाही. सोलापूर-नगर पट्ट्यातील माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये जाहीर झाले, तेव्हा त्याचे क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होते. त्यात गावे, शेते आणि बाजारपेठाही आल्या. लोकांना घर बांधणे अवघड झाले, पक्ष्याविषयी राग निर्माण झाला, आणि पुढे ते क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावे लागले. तोवर पक्षी जवळजवळ निघून गेला होता. आज देशातील वन्य माळढोकांची संख्या दीडशेच्या आसपास सांगितली जाते आणि त्यांतील बहुतेक राजस्थानात आहेत. तेथेही विजेच्या तारांना धडकून ते मरतात. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तारा भूमिगत करण्याचा आदेश दिला आणि २०२४ मध्ये तो शिथिल करून प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपविला. म्हणजे जो पक्षी पाहावयास आमची माणसे जैसलमेरला जातात, तो एके काळी हुबळी-सोलापूरच्या माळांचाच रहिवासी होता. दाराशी होते तेव्हा त्याचे मोल कळले नाही, आणि आता तेच दृश्य भाडे भरून परप्रांतात पाहावे लागते!

सहलींच्या गाड्या या प्रदेशातून जात नाहीत असेही नाही. महाराष्ट्राची ‘डेक्कन ओडिसी’ २००४ मध्ये आणि कर्नाटकाची ‘गोल्डन चॅरिअट’ २००८ मध्ये सुरू झाली. मध्यंतरी बंद पडलेली ‘गोल्डन चॅरिअट’ डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा धावू लागली. तिच्या कार्यक्रमात बंडीपूरचे अरण्य आहे, हंपी आहे आणि गोवा आहे. हंपीहून गोव्याकडे यावयाचे म्हणजे गदग आणि हुबळी ओलांडणे आलेच. पण या राजेशाही गाड्यांचा प्रवास बहुधा रात्रीचा, आणि थांबे प्रसिद्ध स्थळांचे. माळ येतो तेव्हा प्रवासी झोपलेले असतात. शिवाय त्यांचे भाडे सामान्य पगारदाराच्या आवाक्यापलीकडचे. शिक्षक, कारकून, छोटा दुकानदार यांनी आपल्या मुलांना हा धडा द्यावयाचा तर त्यांच्यासाठी वेगळी व्यवस्था हवी.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो आम्ही हलका मानीत नाही. पर्यटन आले की निसर्ग जातो, असा अनुभव याच लोहमार्गावर आलेला आहे. दूधसागरच्या धबधब्याखाली पावसाळ्यात रुळांवरून चालणाऱ्यांची इतकी गर्दी होऊ लागली की २०२३ मध्ये दक्षिण-पश्चिम रेल्वेला ते सौंदर्य डब्यात बसूनच पाहण्याचे जाहीर आवाहन करावे लागले. याच घाटातील भगवान महावीर अभयारण्य आणि १९७८ मध्ये घोषित झालेले मोलेचे राष्ट्रीय उद्यान यांतून दुसरा रूळ टाकण्याची योजना निघाली, तेव्हा गोव्यात मोठा विरोध उभा राहिला. ९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कॅसल रॉक ते कुळे या टप्प्याला मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. अरण्यावर होणाऱ्या परिणामांचा सविस्तर अभ्यास झाल्यावाचून असे पाऊल टाकता येणार नाही, हा त्या निकालाचा आशय होता. तेव्हा आम्ही जे सुचवीत आहोत त्यासाठी नवा रूळ नको, नवा रस्ता नको, जंगलात विश्रामगृह तर मुळीच नको. आज धावत असलेल्या गाड्यांचाच विचारपूर्वक उपयोग व्हावा, इतकेच आमचे म्हणणे आहे.

हुबळी हे दक्षिण-पश्चिम रेल्वेचे २००३ पासूनचे मुख्यालय आहे. तेथील १,५०७ मीटर लांबीच्या फलाटाचे मार्च २०२३ मध्ये उद्घाटन झाले आणि जगातील सर्वांत लांब फलाट म्हणून त्याचा गौरव झाला. २०२० मध्ये तेथे रेल्वेचे संग्रहालयही उघडले. इतक्या सिद्धतेच्या शहरातून एक साधी सहल काढणे रेल्वेस जड जाऊ नये. मुंबई-मडगाव मार्गावरील नित्याच्या गाडीस २०१७ मध्ये मोठ्या काचांचा एक डबा जोडला गेला आणि तो लोकांनी उचलून धरला. तसाच एखादा डबा वास्को-हुबळी-होस्पेट मार्गावर, नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढ्याच काळात, दिवसाच्या गाडीस जोडावा. पन्नासापेक्षा अधिक माणसे एका सहलीत नसावीत. हुबळीस मुक्काम करून एक दिवस मागडीस, एक दिवस राणेबेन्नूरला आणि एक दिवस दरोजीस देता येईल. विणीच्या हंगामात माळावर माणूस नेऊ नये, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळला जावा.

या सर्वांत आम्ही महत्त्व देतो ते मार्गदर्शकाला. शहरातून पाठांतर करून आलेला सूत्रधार आपल्याला नको. या माळाचे खरे जाणकार म्हणजे तेथले धनगर. लांडगा त्यांची मेंढरे नेतो आणि तरीही पिढ्यान्‌पिढ्या ते त्याच्याच शेजारात राहत आले आहेत. गवत कोणत्या पावसावर फुटते, खोकडाची बिळे कोठे असतात, तळ्याचे पाणी आटले की पक्षी कोठे जातात, हे त्यांना पुस्तकावाचून ठाऊक आहे. त्यांच्या मुलांना वनखात्याने शिकवून तयार करावे आणि तिकिटाचा ठरावीक हिस्सा त्यांच्या गावच्या पंचायतीस मिळावा. ज्या माळाने घरात चार पैसे येतात त्या माळावर नांगर किंवा निलगिरी आणण्यापूर्वी गाव दोनदा विचार करील. नान्नजचा धडा हाच आहे की, लोकांना बाजूस सारून राखलेले रान टिकत नाही. आणि कप्पतगुड्डाचा धडा याच्या उलट बाजूने तेच सांगतो. २०१५ मध्ये मिळालेले संरक्षण तेथे २०१६ मध्ये काढून घेतले गेले, तेव्हा गदगच्या तोंटदार्य मठाचे सिद्धलिंग स्वामी यांच्या नेतृत्वाखाली सामान्य माणसे रस्त्यावर आली. २०१७ मध्ये ते संरक्षण परत आले, आणि २०१९ मध्ये ती डोंगररांग अभयारण्य झाली. सोन्याच्या खाणीपेक्षा गवताचा डोंगर मोलाचा, असे त्या कोरडवाहू शेतकऱ्यांनी ठरविले.

या सहलीचा आणखी एक लाभ आहे आणि तो आमच्या सीमाभागातल्या वाचकांस सांगावयास हवा. गदग म्हटले की मराठी रसिकास भीमसेन जोशी आठवतात. १९३३ मध्ये अकरा वर्षांचा तो मुलगा गुरूच्या शोधात घर सोडून निघाला, तो याच प्रदेशातून. राणेबेन्नूरच्या वाटेवर कुंदगोळ लागते, ते त्यांचे गुरू सवाई गंधर्व यांचे गाव. हुबळीत गंगूबाई हनगल राहिल्या, धारवाडात मल्लिकार्जुन मन्सूर. मराठी कथेस नवे वळण देणारे जी. ए. कुलकर्णी धारवाडच्याच महाविद्यालयात शिकवीत होते, आणि घरी मराठी बोलणारे द. रा. बेंद्रे तेथेच कन्नडचे थोर कवी झाले. गेली कित्येक वर्षे सीमेचा वाद आपल्याला या शहरांची नावे केवळ मोर्च्यांच्या आणि बंदच्या बातम्यांतून ऐकवीत आहे. न्यायाचा प्रश्न न्यायाच्या ठिकाणी लढवावा, त्यात आमचे दुमत नाही. पण शेजाऱ्याचे रान, शेजाऱ्याचे पाणी आणि शेजाऱ्याचे गाणे पाहण्या-ऐकण्यास त्या निकालाची वाट पाहावी लागू नये. हंस उतरताना तळे कोणत्या राज्याचे आहे, हे विचारीत नाहीत.

गोवा आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांच्या पर्यटन खात्यांनी आणि हुबळीच्या रेल्वे मुख्यालयाने एकत्र बसून या सूचनेचा विचार करावा, अशी आमची विनंती आहे. त्यास खर्च फार नाही, आणि प्रयोग फसला तर डबा काढून घेता येईल. गेलेला पक्षी मात्र परत आणणे किती कठीण आहे, हे जैसलमेर जिल्ह्यातील सम आणि रामदेवरा येथे माळढोकाची अंडी उबवून पिले वाढविणाऱ्या शास्त्रज्ञांना विचारावे. कर्नाटकाच्या माळावर काळवीट, लांडगा, खोकड आणि हंस अजून आहेत. ते आहेत तोवर त्यांची ओळख आमच्या मुलांना करून देणे हे कर्तव्य आहे, आणि त्याची सुरुवात करण्यास सरकारची वाट पाहण्याचेही कारण नाही. येत्या हिवाळ्यात ज्यांना जैसलमेरचे तिकीट मिळणार नाही, त्यांनी हुबळीचे काढावे.